जनुकीय नकाशा की भौतिक नकाशा?

जनुकांची जागा पाहायला कोणता नकाशा घ्यावा, असं एका विद्यार्थिनीने विचारलं.

अंतर: जनुकीय नकाशातलं 1 सेंटीमॉर्गन म्हणजे साधारण 100 पैकी 1 युग्मकात (अंडपेशी किंवा शुक्रपेशीत) दोन जनुकांची ताटातूट. भौतिक नकाशा डीएनएची अक्षरंच मोजतो. माणसात सरासरी 1 सेंटीमॉर्गनला सुमारे 10 लाख अक्षरं, पण या सरासरीवर विसंबू नकोस! सेंट्रोमिअरजवळ (गुणसूत्राच्या चिमटलेल्या भागाजवळ) गुणसूत्रांच्या जोडीतल्या तुकड्यांची अदलाबदल, जिच्यामुळे ही ताटातूट होते, क्वचित होते, म्हणून तिथली लांबलांबची जनुकंही जोडीने वारशात उतरतात.

खर्च: पहिल्याला संकर आणि संततीची मोजदाद पुरते, जनुकशास्त्रज्ञ स्टर्टेव्हंटने 1913 मध्ये फळमाशीच्या एक्स गुणसूत्राचा नकाशा असाच मांडला. दुसऱ्याला थेट डीएनएवर काम करावं लागतं, जसं सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं क्रमाने वाचणं.

गुण एकत्र का उतरतात हे समजायला पहिला घे. नेमकं जनुक गाठायचं असेल तर दुसराच.