जर्सी की केमन? ट्रस्टच्या कायद्याची दोन बेटं
ट्रस्ट म्हणजे एकाची मालमत्ता दुसऱ्याने तिसऱ्याच्या, म्हणजे लाभार्थ्याच्या, भल्यासाठी सांभाळायची. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटाच्या कायद्याचा पाया नॉर्मन (फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या) रूढींचा, म्हणजे इंग्रजी ट्रस्ट तिथे तसा उपराच. म्हणून १९८४ मध्ये स्वतंत्र कायदा करून त्याला घरात घेतलं. ट्रस्टवरची शंभर वर्षांची कमाल मुदत २००६ च्या दुरुस्तीने गेली.

कॅरिबियनमधल्या केमनला इंग्रजी कॉमन लॉ (कोर्टाच्या निवाड्यांतून घडलेला कायदा) आयताच मिळाला, आणि तिथले प्रयोग जास्त धीट. १९९७ च्या ‘स्टार’ ट्रस्टमध्ये लाभार्थी केवळ लाभार्थी म्हणून कोर्टात दाद मागू शकत नाही. तो हक्क नेमलेल्या ‘एन्फोर्सर’चा, म्हणजे ट्रस्टची अंमलबजावणी करून घेणाऱ्याचा. पैसा ज्याच्यासाठी ठेवला, त्यानेच गप्प बसायचं! श्रीमंत घराण्यांना हे सोयीचं असेल, मला खटकतं. जर्सीतही एन्फोर्सर असतो, पण धर्मादाय नसलेल्या हेतूंसाठीच्या ट्रस्टपुरता.

शेवटचं अपील दोघांचंही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या अपील न्यायालयाकडे. वारसांच्या बाजूने पाहिलं तर माझं मत जर्सीला.