गुडघ्याची झीज आणि गरम पाण्याची कुंडं: सहा महिन्यांच्या वापरानंतर

वापर नोव्हेंबर ते एप्रिल. महिन्यातून एकदा ठाणे जिल्ह्यातल्या वज्रेश्वरीजवळ अकलोली किंवा गणेशपुरीला ४ दिवस मुक्काम, तिथे सकाळ-संध्याकाळ कुंडात बसणं, आणि मधल्या दिवसांत घरी शेक व व्यायाम. वापरणारे दोघे, दोघंही सत्तरीच्या पुढचे. एक्स-रेमध्ये गुडघ्यांची झीज स्पष्ट, पण ऑपरेशनची घाई नको असं डॉक्टरांचं मत.

निकाल आधीच सांगते. उपयोग होतो, पण पाण्याने गुडघा बरा होत नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर दीड-दोन तास आखडलेपणा सुटतो, दुखणं कमी होतं, पाय हलका वाटतो. त्या वेळात मांडीच्या स्नायूंचा व्यायाम केला तर पुढचे काही आठवडे फरक टिकतो. नुसतं डुंबून, जेवून झोपलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा होता तिथेच. आपल्याकडे बहुतेक जण रविवारी जातात, अर्धा तास बसतात आणि परततात. मग ‘काही फरक नाही’ म्हणतात, यात नवल नाही.

फ्रान्समध्ये गुडघ्याच्या झिजेवर खनिजपाण्याचे उपचार डॉक्टर लिहून देतात आणि तो कोर्स तीन आठवड्यांत १८ दिवस उपचार असा असतो. तिथे ४६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत दोन्ही गटांना घरी व्यायाम करायला सांगितला होता. फक्त एका गटाला त्यासोबत पाण्याचे उपचार दिले. ६ महिन्यांनी त्या गटातल्या सुमारे ५१ टक्के लोकांना ठळक फरक जाणवला, नुसता व्यायाम करणाऱ्यांत ३६ टक्क्यांना. म्हणजे व्यायाम दोघांनाही होता, पाणी ही वरची भर. तीन आठवडे राहणं आपल्याला जमण्यासारखं नाही, म्हणून दरमहा ४ दिवस आणि बाकी घरी, असा मार्ग काढला.

आता पाण्याबद्दल. वयस्क माणसाला ३६ ते ३८ अंश पुरेसे, ४० ही वरची मर्यादा. इथल्या बऱ्याच कुंडांचं पाणी ४० च्या पुढे असतं, आणि एकाच आवारातल्या दोन कुंडांत चांगला फरक असतो. दीड-दोनशे रुपयांचा पाण्यात बुडवायचा थर्मामीटर सोबत ठेवा. तापाचा थर्मामीटर चालत नाही, त्याची पट्टी ४२ च्या आसपास संपते. पायाने पाणी बघायची सवय मात्र सोडा. मधुमेहाने तळपायांची संवेदना गेलेली असेल तर पाय भाजतो आणि कळतही नाही. कोपर बुडवून बघा, तेही घरातल्या दुसऱ्या माणसाने. पाणी फार गरम असेल तर उतरायचंच नाही. काठावर बसून बादलीत गार पाणी मिसळायचं आणि तांब्याने गुडघ्यांवर घ्यायचं. कमी वाटतं, पण आखडलेपणा त्यानेही सुटतो.

पहिल्या दिवशी ८ मिनिटं, मग १०, चौथ्या दिवशी जास्तीत जास्त १५. यापुढे गुडघ्याचा फायदा वाढत नाही, थकवा मात्र वाढतो. पाणी कमरेपर्यंत असेल तर उभ्या माणसाच्या पायांवर वजनाचा अर्धाच भार येतो, छातीपर्यंत असेल तर साधारण तिसरा हिस्सा. म्हणून पाण्यात नुसतं बसू नका. कठडा धरून जागच्या जागी २०-२५ पावलं टाका, गुडघा हळूहळू वाकवा. जमिनीवर जे वाकणं दुखतं ते पाण्यात जमतं.

सर्वांत धोक्याचा क्षण पाण्यातला नाही, बाहेर येतानाचा. उष्णतेने रक्तवाहिन्या सैल झालेल्या असतात, पाण्याचा दाब अचानक निघून जातो आणि रक्तदाब उतरतो. रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर डोळ्यांपुढे अंधारी येण्याची शक्यता आणखी जास्त. पायरीवर दोन मिनिटं बसायचं, पोटऱ्या हलवायच्या, मग एकाने पुढे आणि एकाने मागे राहून उठवायचं. उतरण्याआधी एक ग्लास पाणी, वर आल्यावर एक. कुठली गोळी किती वाजता घ्यायची हे जायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या, आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

पायऱ्यांवर शेवाळ असतं. पाण्याखालची पायरी नेमकी कुठे संपते ते दिसत नाही, कारण गरम पाण्यावर वाफ असते आणि तोवर चष्मा काढलेला असतो. रबरी तळाची, मागे पट्टा असलेली सँडल घालूनच उतरा, साधी स्लीपर पाण्यात निसटते. काठीच्या टोकाचं रबर झिजलेलं असेल तर निघायच्या आधी बदला. आणि नऊवारी नेसणाऱ्या आजींसाठी खास: भिजलेलं लुगडं कित्येक किलो जड होतं, पायरी चढताना ओला काष्टा गुडघ्याला असा चिकटतो की पाय उचलला तरी वाकत नाही, आणि तोल पुढे जातो. गुडघ्याच्या जरा खालपर्यंतचा सुती गाऊन आणि आत पायजमा, हाच पोशाख सोयीचा ठरला. पहिल्यांदा संकोच झाला, दुसऱ्या फेरीपासून नाही.

उतरू नये कधी, तेही स्पष्ट हवं. गुडघा सुजलेला, लाल, हाताला गरम लागत असेल तर उष्णतेने सूज वाढते. त्या दिवशी बर्फ. ताप, उघडी जखम, पायाला अल्सर, नुकताच हृदयविकाराचा झटका, आवाक्यात नसलेला रक्तदाब, या सगळ्यांत कुंड नको. वेदनाशामक मलम चोळून गरम पाण्यात उतरलं की कातडी जबर भाजल्यासारखी होते. मलम धुऊन टाका, औषधी पॅच काढून ठेवा. डोकं बुडवू नका. कोमट गोड्या पाण्यातून नाकावाटे मेंदूत जाणारा अमीबा दुर्मीळ आहे, पण जीवघेणा आहे. बाहेर आल्यावर स्वच्छ पाण्याने अंग धुवायचं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या.

त्यानंतर अर्धा तास आडवं पडणं आणि मग व्यायाम. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती ५ सेकंद दाबणं, १० वेळा. पाय सरळ ठेवून वीतभर उचलणं, १० वेळा. उशी ठेवून उंच केलेल्या खुर्चीवरून हात न टेकता उठणं, जमेल तेवढं. फरक मोजायचाही हाच उपाय: ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते दर रविवारी वहीत लिहायचं. ‘बरं वाटतंय’ या शब्दांवर विसंबू नका, मुलांना बरं वाटावं म्हणून वडीलधारे ते म्हणतातच. वहीतला आकडा दुसऱ्या महिन्यापासून हळूहळू वर सरकला आणि ज्या पंधरवड्यात व्यायाम चुकला त्यात खाली आला. मांडी घालून बसणं मात्र सहा महिन्यांत परत आलं नाही, ती अपेक्षा ठेवूही नये.

घरी टबचा प्रयोग फसला. घडीचा टब आणला. गुडघे बुडतील इतकं म्हणजे साधारण १३० लिटर पाणी लागतं. ६० अंशांचं गीझरचं पाणी आणि २५ अंशांचं नळाचं मिसळून ३८ अंश करायचे तर त्यात गरम पाणी ४८ लिटर हवं, म्हणजे २५ लिटरचा गीझर दोनदा. २ किलोवॉटच्या कॉइलला प्रत्येक वेळी अर्धा तास लागतो, तोवर पहिलं पाणी निवतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे टबची भिंत उंच आणि लवचीक. तिच्यावर हात टेकून उठायला गेलं की ती वाकते. ज्याचा गुडघा दुखतो त्याच्यासाठी ही वस्तू अजिबात नाही. पायांचा छोटा टब घोट्याच्या वर पोचत नाही, त्याने गुडघ्याला काही मिळत नाही. शेवटी जाड टर्किश टॉवेलच्या दोन घड्यांत गुंडाळलेली रबरी पिशवी, पाण्यात उकळी नको, १५ ते २० मिनिटं, आणि मध्ये एकदा कातडी बघणं, यावरच आलो. शेकाचं काम तेवढ्याने भागतं. पाण्याने भार हलका होतो, ते मात्र घरी मिळत नाही.

जाण्याबद्दल थोडं. वसई-विरारकडून साधारण ३० किलोमीटर, पण गाडीत सलग बसून गुडघा आखडतो, दर पाऊण तासाने थांबून पाच मिनिटं चालवा. मंगळवार, रविवार आणि नवरात्र टाळा, गर्दीत कुंडाचा कठडा धरायला मिळत नाही. पहाटे पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं. वज्रेश्वरी देवीच्या देवळाला ५२ पायऱ्या आहेत. दर्शन आणि कुंडस्नान एकाच सकाळी करू नका, स्नानानंतर त्या पायऱ्या उतरणं गुडघ्यालाही जड आणि रक्तदाबालाही. पावसाळ्यात तानसा नदी चढली की काठची कुंडं गढूळ होतात किंवा बुडतात, म्हणून जून ते सप्टेंबर घरचा शेक आणि व्यायामच. आणि गंधकाचा वास येणाऱ्या पाण्यात उतरण्याआधी जोडवी, पैंजण काढून ठेवा. चांदी काळी पडते, आणि सुजलेल्या बोटातलं जोडवं ओल्या हाताने निघत नाही.