लेहला नेलेलं हाय अल्टिट्यूड किट: ऑक्सिमीटर नक्की घ्या, बाकीचं राहू द्या

लडाखला निघालेल्यांसाठी ऑनलाइन एक किट मिळतं, त्यात बोटाला लावायचा, रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारा ऑक्सिमीटर आणि पाण्यात टाकून प्यायच्या अँटिऑक्सिडंट गोळ्यांची नळी असते. ऑक्सिजनचा कॅन विमानात नेऊ देत नाहीत, तो आम्ही लेहच्या मार्केटमधल्या मेडिकलमधून घेतला. आई, दादा, वहिनी आणि मी असे चौघं होतो, तिन्ही वस्तू भरपूर वापरल्या, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी ऑक्सिमीटर. पैसे पूर्ण वसूल. लेह साधारण 3500 मीटरवर आहे, हवेत ऑक्सिजन तिथेही 21 टक्केच असतो पण हवेचा दाबच कमी, त्यामुळे एका श्वासात पुण्याच्या मानाने बराच कमी ऑक्सिजन आत जातो, आणि घरी 97-98 दाखवणारा आकडा पहिल्या संध्याकाळी 86-88 वर आला तरी घाबरायचं नाही, नव्याने आलेल्या बऱ्याच जणांचा तसाच असतो. वहिनीचा एकदम 71 आला आणि दादाचा चेहरा पडला. ती मात्र मस्त चहा पीत बसलेली. बघितलं तर बोटं बर्फासारखी गार आणि नखांवर गडद मरून नेलपॉलिश. एका नखाचं पॉलिश काढलं, हात चोळून गरम केले, परत लावला तर 87. त्यामुळे एका आकड्यावर जाऊ नका, हात गरम करा, अर्धा मिनिट थांबा, आकडा स्थिर झाला की मग वाचा. आणि माणसाकडे बघा, बसल्याजागी धाप लागतेय, खोकला थांबत नाही, बोलताना गडबडतोय, चालताना तोल जातोय असं काही असेल तर आकडा काहीही असो, सरळ हॉस्पिटल गाठा आणि खाली उतरायची तयारी ठेवा.

आता कॅन. आमच्या कॅनवर 10 लिटर लिहिलेलं होतं. ऐकायला खूप वाटतं, पण मिनिटाला 2 लिटरने सोडला तर पाच मिनिटांत खेळ खलास, त्यात मास्कच्या कडेने जातो तो वेगळाच. खार्दुंग ला वर (5300 मीटरच्या वर आहे) आईचं डोकं दुखायला लागलं, आकडा 78. कॅन लावल्यावर 90 च्या पुढे गेला, आई म्हणाली "बरं वाटतंय गं", आणि कॅन बाजूला केल्यावर थोड्याच वेळात परत 79. खरा आराम पडला तो गाडी खाली आल्यावर. शरीरात ऑक्सिजन साठून राहत नाही त्यामुळे यात कॅन खराब होता असं नाही, पण "अल्टिट्यूड सिकनेसपासून संरक्षण" (म्हणजे उंचीवर ऑक्सिजन कमी पडून होणाऱ्या त्रासापासून) असं त्यावर छापलेलं मला अजिबात पटलं नाही, कारण त्या भरवशावर लोक पहिल्याच दिवशी वर जायला निघतात.

संरक्षण आपल्या पेशी स्वतः करतात, आणि हे मला खरंच भारी वाटतं. हिफ नावाचं एक प्रोटीन पेशी सतत बनवत असतात आणि ऑक्सिजन पुरेसा असेल तर काही मिनिटांत मोडूनही टाकतात, कारण त्याच्यावर "हे मोडा" अशी खूण करणाऱ्या एन्झाइमला कामासाठी ऑक्सिजनच लागतो. ऑक्सिजन कमी पडला की खूण होत नाही, हिफ साठतं, पेशीच्या केंद्रकात जाऊन शेकडो जीन्स चालू करतं. किडनीतून एरिथ्रोपोएटिन वाढतं, ते बोनमॅरोला लाल पेशी वाढवायला सांगतं. हे उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना 2019 चं नोबेल मिळालं. श्वास वाढतो तो लगेच, मानेतल्या कॅरोटिड बॉडीमुळे (रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की ओळखणारा छोटा अवयव), एरिथ्रोपोएटिन काही तासांत चढतं, पण लाल पेशी खऱ्या अर्थाने वाढायला आठवडे जातात. म्हणून लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस नुसता आराम, आणि 3000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. ही शिस्त कुठल्याच कॅनमध्ये मिळत नाही. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची की नाही ते निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, आईच्या बाबतीत आम्ही विचारूनच घेतली.

गोळ्या संत्र्याच्या चवीच्या, प्यायला छान, बस्स. डब्यावर लिहिलंय की उंचीवर फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करू शकणारे रेणू, अँटिऑक्सिडंट त्यांनाच निष्प्रभ करतात) वाढतात, आणि ते खरंही आहे, ऑक्सिजन कमी असताना मायटोकाँड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) जास्त फ्री रॅडिकल्स सोडतात. पण म्हणून गोळी घेतल्यावर त्रास टळतो असं होत नाही. बोलिव्हियात 5200 मीटरवर 83 जणांना घेऊन ट्रायल झाली होती, अर्ध्यांना व्हिटॅमिन सी, ई आणि अल्फा लिपोइक ॲसिड, अर्ध्यांना नुसतीच खोटी गोळी, 2009 साली निकाल छापून आला आणि अल्टिट्यूड सिकनेसमध्ये काहीच फरक नव्हता. शिवाय त्यातले थोडे फ्री रॅडिकल्स पेशीला सिग्नल म्हणूनही लागतात, त्यावरच ती स्वतःची अँटिऑक्सिडंट एन्झाइम्स वाढवते. एवढे पैसे घालून ही नळी घेऊ नका, पाणी आणि गरम थुक्पा (तिबेटी नूडल सूप) प्या.

माझ्याकडून ऑक्सिमीटरला साडेचार स्टार (थंडीत सेल लवकर उतरतात म्हणून अर्धा कमी), कॅनला दोन, गोळ्यांना एक. ऑक्सिमीटर घेताना स्क्रीनवर नाडीची लाट किंवा वरखाली होणारी पट्टी दिसणारा घ्या, ती नीट हलत नसेल तर आकडा धरायचा नाही, आणि एक्स्ट्रा सेल बॅगेत न ठेवता जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा.