म्युनिकमधले पदकांचे एक दुकान आणि चार फितींचा बार

जर्मन लष्करी पदकांचा आणि त्यांच्या फितींचा मी गेली आठ वर्षे संग्रह करीत आहे. त्यातली निम्मी खरेदी म्युनिकमधल्या एकाच दुकानातून झाली असल्यामुळे त्या दुकानाविषयी सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते. या लिहिण्यात थोडी तक्रारही आहे, म्हणून दुकानाचे नाव देत नाही. तक्रार एकट्या या दुकानाची नाही, जुनी पदके विकणाऱ्या बहुतेक ठिकाणी तोच अनुभव येतो.

दुकान एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे आणि आत जेमतेम चार माणसे उभी राहू शकतात. समोरच्या काचेच्या कपाटात १९१४ चे आयर्न क्रॉस ओळीने मांडलेले असतात. नवखा ग्राहक तिथेच रमतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. आयर्न क्रॉसची स्थापना प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याने १० मार्च १८१३ रोजी केली. तो त्याच्या दिवंगत राणीचा, लुईझचा, जन्मदिवस होता. पुढे १८७०, १९१४ आणि १९३९ मध्ये, म्हणजे प्रत्येक मोठ्या युद्धाच्या वेळी, या पदकाचे नूतनीकरण झाले. पहिल्या महायुद्धात त्याचा दुसरा वर्ग पन्नास लाखांहून अधिक जणांना दिला गेला, त्यामुळे तो आजही दुर्मीळ नाही. काळ्या रंगाचा लोखंडी गाभा आणि त्याभोवती दोन भागांत बनवून डाख देऊन जोडलेली चांदीची चौकट, अशी त्याची घडण असते. इथे क्रॉस हातात घेऊन चौकटीच्या कडेवरचा सांधा भिंगातून पाहू देतात, चुंबकही लावू देतात. गाभा चुंबकाला चिकटला नाही म्हणून तो क्रॉस लगेच खोटा ठरत नाही, कारण लोखंडाखेरीज दुसऱ्या धातूचा गाभा असलेले खरे क्रॉसही सापडतात. मात्र एकच सलग ओतीव तुकडा असेल, तर त्यावर पैसे घालवू नयेत.

मी त्या दुकानात जातो तो मागच्या खोलीतल्या खणांसाठी. लाकडी कपाटाच्या सहा खणांत केवळ फिती आणि रिबन बार आहेत. सैनिक रोजच्या गणवेशावर पदके लावत नसे, त्यांच्या फितींचे छोटे तुकडे एका पट्टीवर शिवून ती पट्टी छातीवर लावत असे. हा बार पदकापेक्षा कितीतरी स्वस्त मिळतो, आणि माणसाविषयी मात्र पदकापेक्षा जास्त सांगतो. सुटा आयर्न क्रॉस कुणाचाही असू शकतो. चार फिती एका क्रमाने शिवलेल्या असल्या, की तो माणूस कोणत्या राज्याचा, आघाडीवर होता की पिछाडीला, आणि ही पट्टी साधारण कधी तयार झाली, एवढे तरी वाचता येते. १९१८ पर्यंतच्या जर्मन साम्राज्याच्या काळात बव्हेरिया, सॅक्सनी, वुर्टेम्बर्ग, हेसे, ओल्डेनबुर्ग यांची आपापली पदके आणि आपापल्या फिती होत्या, म्हणून हे वाचन शक्य होते. त्यात फसगतीही आहेत. हेसेच्या शौर्यपदकाची फीत आणि ओल्डेनबुर्गच्या फ्रीडरिश ऑगस्ट क्रॉसची लढवय्यांसाठीची फीत, दोन्ही निळ्या आणि दोन्हींना लाल कडा. हाम्बुर्ग, ब्रेमेन आणि ल्युबेक या तीन शहरांच्या हान्सियाटिक क्रॉसांच्या फितींत रंग लाल आणि पांढरा एवढेच, फरक तेवढा पट्ट्यांच्या मांडणीचा.

या वसंतात मी तिथून ८५ युरोंना चार फितींचा एक बार घेतला. सोबत दुकानदाराच्या हातची चिठ्ठी होती: ‘बव्हेरियन अधिकारी, १९१४ ते १९१८, शेवटची फीत प्रशियन दीर्घसेवेची.’ बार अस्सल आहे आणि मला मनापासून आवडला आहे. चिठ्ठीतले मात्र ‘बव्हेरियन’ एवढेच टिकते.

पहिली फीत काळी, पांढऱ्या पट्ट्यांची, म्हणजे १९१४ च्या आयर्न क्रॉसची. आघाडीवर न लढलेल्यांना हीच फीत रंग उलटे करून, पांढऱ्यावर काळ्या पट्ट्या अशी मिळत असे. दुसरी फीत पांढरी, कडांना काळ्या आणि निळ्या पट्ट्या असलेली, बव्हेरियाच्या लष्करी गुणवत्ता सन्मानाची. युद्धकाळात हीच फीत अधिकाऱ्यांच्या ऑर्डरला, म्हणजे वरच्या दर्जाच्या सन्मानाला, होती आणि हीच शिपाई व नॉन-कमिशन्ड अधिकाऱ्यांच्या क्रॉसलाही होती. तेव्हा हा माणूस अधिकारी होता, हे नुसत्या फितीवरून ठरवता येत नाही, आणि किंमत तर त्या एका शब्दावर चढवलेली होती. तिसऱ्या फितीवर एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारींचे नखाएवढे चिन्ह आहे. ती आहे हिंडेनबर्ग क्रॉसची. हा क्रॉस १३ जुलै १९३४ रोजी स्थापन झाला. तलवारींसह तो आघाडीवर लढलेल्यांना, तलवारींशिवाय युद्धातील इतर सहभागींना आणि काळ्या रंगात शहीदांच्या विधवांना व आईवडिलांना मिळत असे, आणि तो अर्ज करून घ्यावा लागे. म्हणजे हा बार १९३४ पूर्वी तयार होणेच शक्य नाही. बारवरची सर्वांत उशिराची फीत आधी शोधावी, तिच्या स्थापनेच्या तारखेआधी बार जाऊ शकत नाही, हे या छंदातले पहिले गणित आहे आणि एवढा जाणता दुकानदार ते चुकतो याचे मला वाईट वाटते.

चौथी फीत सबंध निळी आहे. चिठ्ठी तिला प्रशियन म्हणते, पण हिंडेनबर्ग क्रॉसच्या पुढे बसलेली आणि तीही बव्हेरियन माणसाच्या छातीवर, म्हणून मला ते पटेना. घरी दहापट भिंगाखाली पाहिले तेव्हा फितीच्या मध्यभागी सुईच्या अग्राएवढी दोन भोके दिसली. त्यांच्या भोवती निळा रंग अधिक गडद, न उडालेला राहिला आहे आणि त्या गडद डागाला दोन पसरलेले पंख आहेत. तिथे वर्षानुवर्षे धातूचा छोटा गरुड बसलेला होता. १६ मार्च १९३६ रोजी सुरू झालेल्या वेरमाख्टच्या, म्हणजे हिटलरच्या काळातल्या जर्मन सैन्याच्या, दीर्घसेवा पदकाची फीत अशीच निळी असते आणि बारवर तिच्यावर असाच गरुड लावीत. त्या गरुडाच्या पायांत स्वस्तिक असे. २६ जुलै १९५७ च्या कायद्याने युद्धकाळातील सन्मान स्वस्तिकाविना लावण्यास परवानगी मिळाली, त्यानंतर किंवा त्याआधी कुणीतरी तो गरुड काढून टाकला असावा. त्या डागाकडे मी किती वेळ पाहत बसलो होतो, कोण जाणे. पहिल्या युद्धातून जिवंत परतलेला हा माणूस हिटलरच्या सैन्यातही नोकरीला होता, हे त्या दोन भोकांनी सांगितले. संग्रह करणाऱ्याने हे स्वच्छ डोळ्यांनी पाहिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

या बाबतीत दुकानाचे वर्तन चोख आहे. जर्मनीत फौजदारी कायद्याच्या ८६अ कलमानुसार स्वस्तिकाचे जाहीर प्रदर्शन गुन्हा आहे. इथे अशा प्रत्येक वस्तूवर छोटे कागदी स्टिकर असते, आणि ती काचेच्या कपाटात न ठेवता मागे ठेवतात. त्या काळाचे गोडवे गाणारा एक ग्राहक आला असता दुकानदाराने त्याला काहीही न दाखवता बाहेरची वाट दाखवली, ते मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

अस्सलपणाची तपासणीही मोकळेपणाने करू देतात. अतिनील दिवा मी स्वतःचा नेतो. आधुनिक कृत्रिम धाग्यांत आणि कपड्यांच्या साबणांत उजळवणारी रसायने असतात, त्यामुळे नवी पांढरी पट्टी त्या दिव्याखाली निळसर पांढरी झळकते, तर जुनी सुती किंवा कृत्रिम रेशमाची पट्टी मंद, मधासारखी राहते. माझ्या बारच्या चारही फिती मंद राहिल्या. मागचे करडे लोकरी कापड दोन ठिकाणी कसरीने खाल्लेले आहे आणि पिनेच्या गंजाचा डाग बरोबर पिनेखालीच उतरला आहे. त्याच खणातला सहा फितींचा दुसरा बार मात्र मी परत ठेवला. त्याच्या फिती जुन्या होत्या, पण त्या ज्या धाग्याने शिवल्या होत्या तो धागा दिव्याखाली ट्यूबलाइटसारखा पेटला. जुन्या फितींचे रोल अजून मिळतात, त्यामुळे फितीपेक्षा शिवण आधी तपासावी. अर्थात कुणी मूळ बार साबणाने धुतला असेल तर खराही झळकतो, तेव्हा एकट्या दिव्यावर निकाल देऊ नये.

मी भारतीय आहे हे कळल्यावर त्यांनी एकदा आझाद हिंदचे एक पदक काढून दाखवले. सुभाषबाबूंनी १९४२ मध्ये जर्मनीत ही पदके सुरू केली आणि ती व्हिएन्नाच्या रुडोल्फ सूवाल यांच्या कारखान्यात बनली. हातात घेताना अंगावर काटा आला. पण त्या कारखान्याने युद्धानंतरही ती घडवली, आणि समोरचा नमुना कोणत्या काळातला हे मला खात्रीने ठरवता आले नाही, म्हणून घेतले नाही. दुकानदारांनीही आग्रह केला नाही.

बव्हेरियन फितींची सवय नसेल तर दुकानात जाण्यापूर्वी इंगोलश्टाटच्या बव्हेरियन सैन्य संग्रहालयात एक दिवस घालवावा. खऱ्या जुन्या फितीचा पोत छायाचित्रात कळत नाही. दुकानात भिंग आणि दिवा आपलाच न्यावा. चिठ्ठी खिशात ठेवावी, पण तिच्यावर किंमत ठरवू नये. चुकीची चिठ्ठी दाखवली तर दुकानदार रागावत नाहीत. माझ्यासमोर त्यांनी आपल्या वहीत ‘अधिकारी’ हा शब्द खोडला आणि पुढच्या खरेदीत १५ युरो कमी घेतले. बव्हेरियन बार डावीकडून तिसऱ्या खणात असतात.