मजकूर छाटायचा की मुळातच छोटा घ्यायचा?

तिसरी-चौथी एका खोलीत बसते. कुणी अजून जोडाक्षराशी अडतं, कुणी पान सहज संपवतं. अशा वर्गासाठी मालवणकडच्या आमच्या द्विशिक्षकी शाळेत मी दोन्ही वाटा वापरल्या: एकच उतारा तीन लांबींत छाटून देणं, आणि मुळातच छोट्या लिहिलेल्या, स्तरानुसार वेगळ्या गोष्टी देणं.

छाटलेल्या उताऱ्यामुळे सगळा वर्ग एकाच विषयावर बोलतो. परिसर अभ्यासाला तेच सोयीचं. पण एका गोष्टीने मला फार छळलं. छाटताना आधी उडतात ते 'म्हणून', 'कारण', 'तरीसुद्धा'. रापणीवरच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरण्यावरच्या, माझ्या उताऱ्यात होतं: 'वारा फिरला आणि जाळं खडकांकडे वाहू लागलं, म्हणून दोन्ही बाजूंच्या माणसांनी दोर घाईने ओढले.' छोट्या प्रतीत उरलं: 'वारा फिरला. माणसांनी दोर ओढले.' एका मुलीने ते न अडखळता वाचलं. दोर का ओढले, हे मात्र तिला सांगता येईना. वाक्यं लहान झाली, पण मधला दुवा शोधायचं काम नेमकं ज्याला ते जड जातं त्याच्यावरच पडलं. दुवे परत घातले की प्रत पुन्हा लांब.

मुळात छोटी गोष्ट एकच प्रसंग धरते, म्हणून तिच्यात कारणाला जागा राहते. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या ऑनलाइन गोष्टींच्या संग्रहात असे चार स्तर आहेत. पहिला साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसरा ६००पर्यंत. खुल्या परवान्यामुळे गोष्टी छापून वाटताही येतात. शब्दसंख्येवर मात्र सगळा भार टाकू नये. 'समुद्रकिनाऱ्यावरून' हाही एकच शब्द मोजला जातो. शिवाय किनाऱ्यावरच्या वाडीतलं मूल होडी-जाळ्याची गोष्ट एक स्तर वरची असली तरी नेटाने वाचतं आणि लिफ्टच्या सोप्या गोष्टीत थांबतं.

वेगवेगळ्या गोष्टी दिल्या की वर्ग विखुरतो, हे खरं. मुखपृष्ठावरचा स्तराचा आकडाही मुलं लगेच हेरतात. मी त्यावर कागद चिकटवतो आणि सगळ्यांच्या गोष्टी एकाच विषयाच्या निवडतो. मग पावसाची आपापली गोष्ट मुलं एकमेकांना सांगतात.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाचं तिसरीचं लक्ष्य मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून वाचण्याचं आहे. नुसता वेग गाठायला छाटलेली प्रतही कदाचित पुरेल. तुमच्याकडे एकच पाठ सगळ्यांना द्यावा लागत असेल, तर तो न छाटता मोठ्याने वाचून दाखवा आणि हातात मात्र छोटी गोष्ट द्या.