अ‍ॅट्रॉसिटी आणि द्वेषाच्या केसेसवरचा कोल्हापुरात राजारामपुरीतला दोन दिवसांचा क्लास : रिव्ह्यू

पाचातले चार स्टार. फी ६०० रुपये, शनिवार-रविवार, चहा दोन वेळा आणि झेरॉक्सची जाडजूड फाईल मिळते. हॉल म्हणजे एका ट्यूशनवाल्याचा वरचा मजला, बेंच बारावीच्या पोरांच्या मापाचे त्यामुळं पाठीची वाट लागते, पण ज्या प्रश्नासाठी गेलो त्याचं उत्तर कलमासकट मिळालं. प्रश्न साधाच, अ‍ॅट्रॉसिटीचा (अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचाराचा) गुन्हा दाखल होताना मोर्चा, निवेदनं, पेपरात फोटो आणि चार-सहा वर्षांनी निकाल येतो तो आतल्या पानावर दोन ओळीत, सबळ पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता. असं होतं कसं?

माझं कोर्टाजवळ टायपिंगचं दुकान आहे त्यामुळं असले अर्ज रोज हाताखालून जातात, म्हणून मला जरा जास्तच इंटरेस्ट होता.

शिकवणाऱ्या वकील मॅडम तालुक्याच्या कोर्टापासून वर आलेल्या, बोलणं एकदम आपल्या भागातलं, भाषण ठोकत नाहीत. पहिल्या तासालाच म्हणाल्या, चोरीत चोरी केली एवढं शाबीत करायचं असतं, कशासाठी केली हे कोण विचारत नाही, द्वेषाच्या गुन्ह्यात मात्र 'का केलं' हेच शाबीत करायला लागतं आणि माणसाच्या डोक्यात काय होतं त्याचा पंचनामा करता येत नाही. खैरलांजीचं उदाहरण त्यांनी लई सावकाश सांगितलं. २००६ साली एकाच दलित घरातली चार माणसं मारली, भंडाऱ्याच्या कोर्टानं २००८ ला आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप, पण अ‍ॅट्रॉसिटी काय लागली नाही. २०१० ला नागपूर खंडपीठानं फाशी काढून पंचवीस वर्षांची जन्मठेप केली आणि हा खून सूडापोटी, जातीपोटी नाही, असं धरलं. खून शाबीत झाला, जात शाबीत झाली नाही. हॉलमध्ये एवढी शांतता मी बारावीच्या बेंचवर कधी बघितली नव्हती.

मग त्यांनी अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा कुठं बदलला ते दाखवलं. जुन्या कलमात दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला 'जातीच्या कारणावरून' केला हे सिद्ध करायला लागायचं, २०१६ च्या जानेवारीपासून तिथं 'जात माहीत असताना' असं आलं, आणि आरोपी ओळखीतला, गावातला असला तर त्याला जात माहीत होती असं कोर्ट धरून चालतं, नव्हती हे त्यानं दाखवायचं. म्हणजे कागदावर सोपं झालंय. तरी केंद्र सरकारच्याच रिपोर्टात अनुसूचित जातींच्या केसेसमधी शिक्षेचं प्रमाण २०२० ला ३९.२ टक्के होतं ते २०२२ ला ३२.४ वर आलं, मग गळती कुठं आहे?

इथून पुढचा भाग म्हणजे अख्ख्या क्लासचा जीव, निम्मे पैसे इथंच वसूल. मॅडमचं म्हणणं, केस कोर्टात पडते पण मरते ठाण्यात, पहिल्या आठवड्यात. फिर्यादीत लिहिलेलं असतं 'जातीवाचक शिवीगाळ केली'. बास एवढंच! कुठला शब्द, कुणासमोर, कुठं उभं राहून, काही नाही. शिवीगाळीच्या कलमाला लोकांच्या नजरेसमोर घडलेलं लागतं, २०२० ला सुप्रीम कोर्टानं उत्तराखंडच्या केसमधी चार भिंतीच्या आत, बाहेरचं कोणी नसताना झालेलं चालत नाही असं सांगितलं, त्यामुळं 'घरात येऊन बोलला' आणि 'दारात, शेजारी बघत असताना बोलला' यात केस जगते किंवा जाते. आमच्याकडं अर्ज टाईप करायला येणारा माणूस तो शब्द तोंडानं उच्चारायलाच तयार नसतो, म्हणतो लिवा की साहेब, घाण बोलला म्हणून. मॅडम म्हणाल्या तोच शब्द लिहायचा, जसाच्या तसा. हे मला पुस्तकात कुठं मिळालं नसतं.

पुढं कागदं. फिर्यादीचा जातीचा दाखला फाईलला नाही, केस लंगडी. आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नाही हे पण सरकारी पक्षानंच दाखवायचं असतं (हे निम्म्या हॉलला माहीत नव्हतं, त्यात दोन वकील पण होते), म्हणजे आरोपीच्या जातीचा पण पुरावा गोळा करायला पाहिजे. तपास डीवायएसपीच्या (पोलीस उपअधीक्षकाच्या) खालच्या अधिकाऱ्यानं केला की बचावाचा वकील उभा राहून फक्त तो चालत नाही सांगणारा नियम ७ वाचतो. साठ दिवसात दोषारोपपत्र, दोन महिन्यात खटला संपवायचा, हे पण कायद्यात लिहिलंय, वाचून हसू येतं.

रविवारी एक रिटायर्ड पोलीस अधिकारी पाहुणे होते. ते पोलिसांची बाजू घेणार असं वाटलेलं पण माणूस मोकळा निघाला. म्हणाले एका डीवायएसपीकडं दोन-तीन तालुके, त्यात बंदोबस्त, यात्रा, मंत्र्याचा दौरा, मग तपास करतो रायटर (ठाण्यातला लिहिणारा पोलीस) आणि सही करतात साहेब, उलटतपासात जागेचा नकाशा विचारला की साहेब गप्प. हयगय करणाऱ्या अधिकाऱ्यावर कलम ४ आहे पण त्याला आधी खात्याची चौकशी आणि तिची शिफारस लागते. खात्यानं खात्याची चौकशी करायची, पुढं काय सांगायचं.

मागच्या बाकावरच्या एका काकांनी ठरलेला प्रश्न टाकला, निम्म्या केसेस खोट्याच असतात की ओ मॅडम? त्या चिडल्या नाहीत. खोट्या असतात, पण 'निर्दोष सुटला' म्हणजे 'केस खोटी' असं गणित बसत नाही म्हणाल्या, आणि सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा महाजन निकाल काढला, जो आपल्या शेजारच्या कराडच्या कॉलेजातल्या तक्रारीवरून गेला होता. त्यात अटकेआधी परवानगी, गुन्ह्याआधी चौकशी वगैरे घातलं, त्याच वर्षी संसदेनं १८अ कलम आणून ते काढलं, २०१९ ला कोर्टानं पण स्वतःचे ते निर्देश मागं घेतले. काकांचं समाधान झालं असं वाटलं नाही, चहाला पण तेच चालू होतं.

धर्माच्या द्वेषाचा भाग त्यामानानं घाईत उरकला. गटागटात द्वेष पसरवण्याचं जुन्या दंड संहितेतलं १५३अ आता नव्या न्याय संहितेत १९६ झालंय, खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते, म्हणजे भाषण ज्याच्या मर्जीतल्या माणसानं केलं त्याच्याकडंच फाईल जायची. सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२३ ला सगळ्या राज्यांना सांगितलं की द्वेषाच्या भाषणावर तक्रारीची वाट न बघता गुन्हा नोंदवा, पण गुन्हा नोंदवणं वेगळं आणि मंजुरी येणं वेगळं. जमावाच्या केसमधी तर शंभर जणांतला दगड कुणाचा हेच ठरत नाही, पुण्यात हडपसरला २०१४ ला एका तरुणाला जमावानं मारलं, २०२३ च्या जानेवारीत सगळे आरोपी सुटले. नव्या संहितेत पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेल्या खुनाला वेगळं कलम आलंय, त्यात जात, भाषा, जन्मस्थान सगळं आहे, धर्म हा शब्द मात्र नाही, 'तत्सम कारण' मधी बसवायचा. एकानं अमेरिकेचं विचारलं तर तिथं पण तीच कथा, २००५ ते २०१९ मधी द्वेषाच्या गुन्ह्यात तिथल्या केंद्र सरकारच्या वकिलांकडं आलेल्या ८२ टक्के संशयितांवर खटलाच भरला नाही, आणि हेतूमुळं शिक्षा वाढवायची तर तो हेतू ज्युरीपुढं शाबीत करायलाच पाहिजे असं २००० साली त्यांच्या सुप्रीम कोर्टानं ठरवलं.

आता कापलेला स्टार. साक्षीदार फितूर होण्यावर फक्त अर्धा तास! खर्ड्याच्या २०१४ च्या केसमधी शाळकरी पोराचा खून, साक्षीदार फिरले, २०१७ ला नगरच्या कोर्टात सगळे सुटले, एवढं सांगून पुढच्या स्लाईडवर. अरे माझ्या मते मूळ दुखणं इथंच आहे. साक्षीदाराचं रान आरोपीच्या बांधाला, ऊसाची तोड त्याच्या शब्दावर, पोरगं त्याच्याच दूध संस्थेत, आणि कोर्टात साक्षीची वेळ येते पाच वर्षांनी, तोवर तंटामुक्तीवाले, पाहुणे-रावळे सगळे मिटवायला येऊन गेलेले असतात. कलम १५अ मधी साक्षीदाराला संरक्षण, प्रवासखर्च, सगळं आहे, ते मागायचं कुणाकडं आणि कुठल्या अर्जात याचा एक नमुना तरी फाईलमधी पाहिजे होता. तक्रारीचा नमुना आहे, याचा नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागून गेली. या कायद्यात जामिनाचं अपील हायकोर्टात जातं आणि तिथं फिर्यादीला बोलायचा हक्क आहे. पण गगनबावड्याचा मजूर महालक्ष्मी एक्स्प्रेसमधी बसून मुंबईला तारखेला जाणार का? जायचा नाही, आरोपीचा वकील तेवढा बोलायचा. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात सीपीआर दवाखान्यासमोर आलंय, आता तो माणूस एसटीनं सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाईल. बेंचच्या मागणीच्या मोर्चात आपण सगळे होतो, पण हा मुद्दा कुणी असा सांगितला नव्हता.

कुणी जावं? ग्रामपंचायतीतले, संघटनेचे कार्यकर्ते, पोलीस पाटील, लॉ ची पोरं. ज्याची स्वतःची केस चालू आहे त्यानं इथं सल्ला मिळेल म्हणून जाऊ नये, मॅडम वैयक्तिक केसवर हॉलमधी बोलत नाहीत, वेगळी वेळ देतात. सुरुवात अर्धा तास उशिरा झाली, प्रोजेक्टर दोनदा बंद पडला. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे म्हणे, गाडी गल्लीत लावू नका, खालचा दुकानदार हवा सोडतो.