एका बादलीत बाराशे फूट गच्ची: ‘कूल कोट’च्या नावाखाली चालणारी फसवणूक

मार्च सरत आला की सोलापुरात, विशेषतः जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडकडच्या नव्या घरांच्या दारात गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग लावून देणारे ‘टेरेस कूलिंग’वाले यायला लागतात. बोलणं ठरलेलं असतं: वरच्या खोल्या पंधरा अंशांनी थंड होतील, वॉटरप्रूफिंग फुकटात होईल, सात वर्षं बघायला नको. जुळे सोलापुरातल्या एका नव्या दुमजली घराची बाराशे चौरस फुटांची गच्ची अशीच एका दिवसात पांढरीशुभ्र झाली. मे महिना बरा गेला. जूनच्या पहिल्या दोन जोरदार सरींत पन्हाळीतून दुधासारखं पाणी अंगणात उतरलं, पुढे गच्चीवर पापुद्रे सुटले आणि गॅरंटीच्या कागदावरचा नंबर लागेनासा झाला.

ही फसवणूक खपते याचं कारण असं की पहिल्या दिवशी कुठलाही पांढरा रंग थंडच लागतो. पाच-सहा इंची स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि ती उष्णता काही तासांनी खाली सोडते; म्हणून वरच्या मजल्यावर दुपारपेक्षा रात्री नऊ-दहाला जास्त काहिली होते. (जुन्या माळवदावर मातीचा जाड थर असायचा, ते सुख स्लॅबला नाही.) पांढरा थर ऊन स्लॅबमध्ये शिरण्याआधीच परतवतो. पण हे काम चुन्याची सफेदी करते, साधा डिस्टेंपरही करतो. त्यामुळे ‘अनवाणी उभं राहून बघा’ ही परीक्षा कुणीही पास होतो. खरा फरक थराच्या जाडीत आणि तो पावसात टिकतो की नाही यात असतो, आणि तो पहिल्या दिवशी दिसत नाही.

आता बादलीचा हिशेब. चांगला कूल रूफ रंग दोन हातांना लिटरमागे साधारण 20 ते 25 चौरस फूट जातो. म्हणजे 20 लिटरची बादली 400 ते 500 फुटांत संपली पाहिजे. बाराशे फुटांना अडीच ते तीन बादल्या लागतात. पॅरापेटची, म्हणजे गच्चीच्या कठड्याची, आतली बाजू धरली तर आणखी. एकाच बादलीत एवढी गच्ची उरकली, तर ओला थर जेमतेम 0.18 मिलिमीटरचा पडतो आणि सुकल्यावर त्याच्या निम्मा उरतो. हवा असतो पाव मिलिमीटरच्या आसपास. बाकीचं काम पाण्यानं केलेलं असतं. म्हणून दर ऐकण्याआधी दुकानात त्याच रंगाच्या बादलीचा भाव विचारा, त्याला 450 नं भागा. फुटामागे नुसत्या मालाचा खर्च कळतो. मजुरी धरून सांगितलेला दर त्याहून कमी असेल, तर त्या बादलीत तो रंग नाही. नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या बादल्या भंगारात मिळतात, हे विसरू नका. सील आपल्यासमोर फोडायला लावा, बॅच नंबरचा फोटो काढा आणि रिकाम्या बादल्या परत नेऊ देऊ नका.

दुसरी चलाखी तापमानाच्या बंदुकीची, म्हणजे हात न लावता तापमान दाखवणाऱ्या यंत्राची. सेल्समन चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा फॉइल उन्हात ठेवतो, बंदूक धरतो आणि आकडा आश्चर्य वाटावं इतका कमी दाखवतो. ही स्वस्तातली बंदूक 0.95 उत्सर्जकता (पृष्ठभाग आपली उष्णता किती बाहेर फेकतो त्याचं माप) गृहीत धरून चालते. चकचकीत ॲल्युमिनियमची उत्सर्जकता त्याच्या जवळपासही नसते, त्यामुळे बंदूक पत्र्याऐवजी बरंचसं आकाशाचं प्रतिबिंब मोजते. पत्रा हात लावू देणार नाही इतका तापलेला असला तरी! त्याच पत्र्यावर पांढरी कागदी मास्किंग टेप चिकटवून दोन-तीन मिनिटांनी टेपवर मोजायला सांगा; बहुतेकदा तिथेच बोलणं आटोपतं. खरं मोजमाप खोलीत होतं. एका खोलीवरची गच्ची रंगवून घ्या, दुसरीवरची तशीच ठेवा आणि रात्री नऊला दोन्ही खोल्यांच्या छताच्या आतल्या बाजूचं आणि हवेचं तापमान बघा. खोलीतली हवा दोन ते चार अंशांनी उतरली तर काम चांगलं झालं म्हणायचं. पंधरा अंश ही थाप आहे. आणि खोली पश्चिमेच्या चार इंची भिंतीनं तापत असेल, तर गच्चीवर काहीही फासलं तरी ती भिंत तापतच राहणार.

माल अस्सल असूनही काम बिघडतं, ते घाईमुळे. नव्या स्लॅबचं किंवा कोब्याचं क्युरिंग होऊन तो पूर्ण सुकला पाहिजे, निदान 28 दिवस तरी. दीड-दोन फुटांचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवा. सकाळी खाली थेंब दिसले तर अजून ओल आहे. रंगाला फोड येणार. सिमेंटची भुकटी तारेच्या ब्रशनं काढून गच्ची धुवावी लागते. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून पेंटर हे टाळतो आणि नुसता झाडू फिरवतो. मग प्राइमर, आणि दोन हातांमध्ये कंपनीनं सांगितलेलं अंतर. एप्रिलच्या भर दुपारी रोलर फिरवला तर रंगातलं पाणी क्षणात उडतं, थर धरत नाही, खडूसारखी पावडर होते. काम सकाळी दहाच्या आत किंवा ऊन उतरल्यावरच. गच्चीला पन्हाळीकडे धार नसेल तर आधी ती करून घ्या. पाणी साचतं तिथे कुठलाच रंग टिकत नाही. कूल रंग म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे, भेगा आधी वेगळ्या भराव्या लागतात.

पूर्ण पैसे देण्याआधी आठवडाभर थांबा. एका जागी ओलं फडकं तीन-चार तास ठेवा, मग रुपयाच्या नाण्यानं खरवडा. रंग मऊ पडून चिखलासारखा निघाला तर तो डिस्टेंपर आहे. काळं फडकं घासल्यावर त्याला पांढरी भुकटी लागली तरी शेवटचा हप्ता रोखा.

गॅरंटी लेटरहेडवर नको, जीएसटी बिलावर हवी: रंगाचं पूर्ण नाव, किती लिटर, किती चौरस फूट, किती हात. पैसे यूपीआयनं द्या. फसलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बादली बनावट वाटली तर बॅच नंबरचा फोटो थेट कंपनीच्या ग्राहक सेवेला पाठवा. त्यांचं लेखी उत्तर तक्रारीला जोडता येतं.